बिनतारी जोडणीच्या बिघाडांची वीस वर्षे

आपल्याकडील घरगुती बिनतारी इंटरनेटचा आरंभ २००५ सालापासून धरावा, असे मला वाटते. कारण त्या वर्षीच्या जानेवारीत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांपुरता परवान्यातून मुक्त केला, आणि ज्या मुलुखात पाऊल टाकायला तोवर सरकारदरबारी अर्ज करावा लागे, त्याचा एक तुकडा टेलिफोनशेजारच्या लहानशा पेटीतून घरभर पसरू लागला. अमेरिकेत हा पट्टा १९८५ सालीच खुला झाला होता; १९९७ मध्ये सेकंदाला २ मेगाबिटांचे पहिले मानक मुक्रर झाले, १९९९ मध्ये ते ११ वर आणि २००३ मध्ये ५४ वर गेले. आमच्या २००४ च्या धोरणाने मात्र २५६ किलोबिटांनाच ब्रॉडबँडचा दर्जा बहाल केला होता, म्हणजे खोलीतली हवा भिंतीतल्या तारेहून कागदोपत्री दोनशे पट चपळ, अशी ती विपरीत स्थिती होती. तरीही संथपणाची फिर्याद दाखल व्हायची ती लॅपटॉपवर! वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो लॅपटॉप. त्यामुळे गुन्हा कुठेही घडो, पहिला आरोपी तोच, हा रिवाज या वीस वर्षांत तिळमात्र बदललेला नाही. बदलत गेले ते खऱ्या अपराध्याचे ठिकाण.

प्रारंभीच्या काळात लॅपटॉपवरचा आरोप पुष्कळदा शाबीतही होत असे. कित्येक मॉडेलांच्या पुढच्या कडेला नखाएवढी एक सरकती कळ असे. पिशवीत घालता-काढताना ती नकळत सरकली की बिनतारी कार्ड तत्काळ निष्प्राण होई, आणि त्या कळीकडे लक्ष जाण्याच्या आधीच घरातली जाणती मंडळी विंडोज नव्याने टाकण्याच्या गोष्टी बोलू लागत. अंमल विंडोज एक्सपीचा होता. जोडणीचा कारभार पाहणारी एक व्यवस्था विंडोजची आणि दुसरी कार्ड बनवणाऱ्या कंपनीची. दोन्ही कारभारी एकाच कार्डावर हुकूम चालवू लागले की जोडणी लागे, तुटे, पुन्हा लागे, आणि त्यांतील एकाला रजा दिल्याखेरीज घरात शांतता नांदत नसे. राउटरवर डब्ल्यूपीए-२ चे कुलूप घालावे, तर अद्ययावत न केलेल्या एक्सपीला ते उघडता येत नसे. मग एक तर डब्ल्यूईपीचे कुलूप घालायचे, जे फोडण्याची रीत २००१ सालीच जगजाहीर झाली होती, किंवा दार सताड उघडे ठेवायचे.

त्या काळातली एक खूण आजही तितकीच बोलकी आहे. घड्याळाशेजारच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण दिसला की कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून पत्ता पाहावा. तो सहसा १९२.१६८ ने सुरू होतो; तसा असेल, तर राउटरने लॅपटॉपला रीतसर दाखल करून घेतले आहे आणि बिघाड बहुधा उंबरठ्याबाहेरचा आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्त्याची मागणी करूनही राउटरकडून उत्तर न आल्यामुळे लॅपटॉपने तो स्वतःच स्वतःला बहाल केलेला आहे, आणि अशा स्वयंघोषित रहिवाशाला इंटरनेटवर कोणी उभे करीत नाही. पत्ता चोख आहे, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला घातलेली सादही परत येते, पण संकेतस्थळ काही उघडत नाही, अशा वेळी नावावरून पत्ता शोधून देणारे डीएनएसचे दप्तर बंद पडलेले असण्याचा संभव फार. एवढ्या दोन-तीन दाखल्यांवरून निम्मा तपास उरकतो, हे ठाऊक असूनही बहुतेक लोक आधी राउटरचे बटण बंद-चालू करतात. आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते, हे या शास्त्राच्या अभिमान्यांनी निमूटपणे मान्य केलेले बरे.

उघड्या दारांचे युग २००८ च्या जुलैनंतर ओसरू लागले. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी धाडलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या बिनकुलपाच्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले, आणि घरोघरी पासवर्ड आले. त्यांच्याबरोबर एक नवा विकारही आला: राउटरवरचा पासवर्ड बदलला तरी जुनाच घोकत बसणारा लॅपटॉप. त्याला ते नेटवर्क विसरायला लावून ओळख नव्याने करून द्यावी लागे.

पुढे अपराध्याने लॅपटॉप सोडला आणि तो हवेत शिरला. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे चॅनेल १३. पण दोन चॅनेलांतले अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येक जोडणीला जागा हवी सुमारे २० मेगाहर्ट्झची, त्यामुळे परस्परांना हरकत न करणारे १, ६ आणि ११ असे तीनच निघतात. एका मजल्यावर चार बिऱ्हाडे असलेल्या इमारतीत या तीन वाटांवर किती गर्दी होत असेल, ते सांगायला नको. सकाळी सुरळीत आणि रात्री जेवणानंतर रडतखडत, हे त्या गर्दीचे लक्षण. जेवण गरम करताना तेवढ्यापुरतेच अडखळणे हे मायक्रोवेव्हचे, कारण त्याच्या लहरीही २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे त्याच पट्ट्यातल्या. याच काळातील एक नमुनेदार प्रकरण अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या लॅपटॉपचे असे. घरातल्या सर्व मोबाइलांना नेटवर्क दिसते, यालाच तेवढे दिसत नाही; कार्ड बदलण्यापर्यंत मजल जाते; आणि अखेर कळते ते एवढेच, की राउटरने आपण होऊन १३ वे चॅनेल निवडले आहे आणि अमेरिकेच्या नियमांना बांधलेले ते कार्ड ११ च्या पलीकडे पाहतच नाही. राउटरला ११ च्या आत मुक्रर केले की आरोपी जागच्या जागी निर्दोष सुटतो.

घरात फायबर आल्यावर जुने गणित पालटले. तार वेगवान झाली आणि अडथळा हवेकडे आला, तोही बहुतांशी घरातल्याच भिंतींमुळे. कारण ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर माहिती अधिक वेगाने वाहत असली तरी काँक्रीटपुढे ती लवकर हात टेकते, आणि जोडणीवाला राउटर बसवतो तो आपल्या सोयीने, दाराशी, चपलांच्या कपाटावर. मधे लोखंडी कपाट असेल तर बोलायलाच नको. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या झाकणात असतो आणि त्याच्या केसासारख्या तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत जातात. झाकणाचा कोन बदलताच सिग्नल कमी-जास्त होऊ लागला, तर ड्रायव्हरच्या नादी न लागता त्या तारांकडे पाहावे, असे माझे मत आहे.

पूर्वी संशय फिटेना तेव्हा राउटरची तार थेट लॅपटॉपला जोडीत: तारेवर चालले तर दोष हवेचा, न चालले तर लाइनचा, असा निकाल दोन मिनिटांत लागे. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपांना ती तार खोचायला बहुधा जागाच नसते. म्हणून साक्षीला मोबाइलचा हॉटस्पॉट बोलावतात. त्यावर लॅपटॉप नीट चालला की कार्ड आणि ड्रायव्हर सुटले, असे समजतात. पण हॉटस्पॉट हातभर अंतरावर असतो आणि राउटर तीन भिंतींपलीकडे, तेव्हा ही साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी लॅपटॉप उचलून चपलांच्या कपाटाशेजारी न्यावा आणि तिथे स्टुलावर बसून एकदा वेग मोजावा.