ठिगळ

तीन वर्षांपूर्वी चौदा फुटी, शिडाची एक जुनी होडी आम्ही विकत घेतली, तेव्हा सौ.ने एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला पोहता येतं का?" येतं, पण ते विहिरीतलं! होडी स्वस्त मिळण्याचे कारण उघड होते. खडकावर आपटून तिच्या बुडाला तळहाताएवढे भगदाड पडले होते.

पहिल्या उन्हाळ्यात मी त्यावर बाहेरून फायबरग्लासच्या कापडाचे दोन थर चिकटवले, लांबी भरून गुळगुळीत केले आणि रंग दिला. ठिगळ कुठे आहे हे कोणाला ओळखू आले नसते. ईरी सरोवरातल्या दुसऱ्याच फेरीत त्याची कड सुटली. बारा वर्षांची कन्या डब्याने पाणी उपसत होती आणि मी किनाऱ्याकडे होडी हाकत होतो. किनारा जवळ होता आणि दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होते, म्हणून आज हे लिहायला बसलो आहे. इंजिनिअरिंगमधल्या डॉक्टरेटचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

चूक कोठे झाली? आमच्या ओहायोतल्याच टोलेडो गावी रे ग्रीन यांनी १९४२ साली फायबरग्लासची होडी बनवली. तेव्हापासून या होड्यांचे मूळ तत्त्व तेच आहे. ताकद असते काचेच्या धाग्यांत; रेझिन त्यांना एकत्र धरून ठेवते आणि एका धाग्यावरचा भार दुसऱ्यावर पोहोचवते. कारखान्यात एकावर एक थर ओले असतानाच चढतात, त्यामुळे ते एकजीव होतात. जुने रेझिन मात्र पूर्ण घट्ट झालेले असते. नवे त्यात मिसळत नाही, फक्त त्याला धरून राहते. म्हणून धरायला खरखरीत आणि भरपूर जागा लागते. माझ्या ठिगळाला काठाची जेमतेम इंचभर पट्टी मिळाली होती, तीही नीट न घासलेली.

यावरचा उपाय म्हणजे उतार. भगदाडाच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला, जाडीच्या बारापट रुंद असा निमुळता उतार घासून काढायचा. आमच्या होडीची जाडी पाव इंच, म्हणजे चारी बाजूंनी तीन इंच. तुटके भाग कापल्यावर भोक चार इंचांचे झाले होते. घासायचे वर्तुळ झाले दहा इंचांचे. साडेबारा चौरस इंचांच्या भोकासाठी सहासष्ट चौरस इंच चांगले, धडधाकट बूड घासून टाकायचे! पहिल्या वेळी मला हाच धीर झाला नव्हता.

आता क्रम सांगतो. आधी नाण्याने बूड ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटलेले आहेत. मग होडी पूर्ण वाळू द्यावी. घासण्यापूर्वीच सॉल्व्हंटने जुने मेण पुसून घ्यावे, नाहीतर ते ओरखड्यांत जाऊन बसते. ग्राइंडर चालवताना रेस्पिरेटर, चष्मा आणि अंगभर कपडे हवेतच. काचेची धूळ कातडीला खाजवते आणि फुप्फुसात तर जाऊच नये.

नवी होडी बांधायला स्वस्त पॉलिएस्टर चालते. जुन्यावर चिकटायला एपॉक्सी अधिक भरवशाचे. माझ्या एपॉक्सीचे प्रमाण होते पाच भाग रेझिन, एक भाग हार्डनर. जास्त हार्डनर घातला की लवकर वाळेल, हा समज चुकीचा. प्रमाण बिघडले की ते नीट घट्टच होत नाही. कालवलेले एपॉक्सी खोल भांड्यात ठेवू नये. ते स्वतःच्या उष्णतेने तापून धुरावते. पसरट थाळीत ओतावे.

आतून मेण लावलेला पत्रा टेकवून मी आधी सर्वांत मोठा तुकडा बसवला, मग क्रमाने लहान. प्रत्येक थर कापड पारदर्शक दिसेपर्यंत भिजवून रोलरने हवेचे बुडबुडे काढले. वाळल्यावर वर येणारा मेणचट थर पाण्याने धुऊन मग घासला. उन्हाने एपॉक्सी खराब होते, म्हणून शेवटी रंग.

आमच्या धंद्यात 'पॅच' हा रोजचा शब्द. तिथेही बिघडलेली ओळ तेवढी झाकून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि आजूबाजूचा चांगला चाललेला भाग उकरायला जीव धजत नाही.

नवे ठिगळ दोन उन्हाळे टिकून आहे, बूड आतून कोरडे आहे. यंदा सौ.ही होडीत बसली. लाइफ जॅकेट घालून, आणि मांडीवर तोच डबा घेऊन.