घर एक, श्रद्धा दोन

ज्या घरांत सर्वांचा देव एक, सणवार एक आणि सोंवळ्याओंवळ्याचे नियमहि एक, त्या घरांत श्रद्धेची खरी परीक्षा कधीं होतच नाहीं. परीक्षा होते ती त्याच घरांतील एखाद्यानें निराळ्या देवापुढें हात जोडले म्हणजे. त्या क्षणापासून दोन प्रश्न उभे राहतात. आपली नवी निष्ठा न लपवितां, पण घरच्यांच्या निष्ठेचा अवमानहि न करतां, त्या माणसानें कसें वागावें? आणि घरच्यांनीं त्याच्याशीं कसें वागावें? पहिला प्रश्न आपल्याकडील कांहीं ख्रिस्ती स्त्रीपुरुषांनीं आपलें आयुष्य पणाला लावून सोडविण्याचा प्रयत्न केला. दुसरा मात्र आपण बहुधा टाळीत आलों आहों.

बायबलांतील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत या विषयावर एक मार्मिक उपदेश आहे. तुमच्या आशेचें कारण कोणीं विचारलें तर उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, पण तें उत्तर सौम्यपणें व आदरानें द्या, असा त्याचा आशय. याच अध्यायाच्या आरंभीं, ज्या स्त्रियांचे पति ख्रिस्तास मानीत नाहींत त्यांना, शब्दांपेक्षां आचरणानें पतीचें मन जिंकण्यास सांगितलें आहे. म्हणजे दोन श्रद्धांचें एक घर ही अडचण ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. महाराष्ट्रांत मात्र तिला एक निराळें रूप आलें. नवख्रिस्ती मनुष्याच्या भोंवतालचा समाज येथें श्रद्धाहीन नव्हता. ज्ञानदेव-तुकारामांच्या वाणीवर तो पोसलेला होता. त्याची श्रद्धा ख्रिस्तावर नव्हती, इतकेंच. अशा समाजाला तुच्छ लेखणें सोपें होतें, आणि त्याला भिऊन मौन धरणेंहि सोपें होतें. या दोहोंमधली अवघड वाट ज्यांनीं धरली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें स्थान मोठें आहे. त्या वाटेवरचे कांटे केवढे होते, हें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रानें आपल्याला दाखविलें. इ. स. १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत निघालेला हा ग्रंथ अजूनहि घरोघर आवडीनें वाचला जातो.

पतीचा बाप्तिस्मा, पत्नीचें सोंवळें

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. संस्कृताचा व्यासंग गाढा, काव्याची प्रतिभा उपजत आणि वृत्ति अत्यंत अस्थिर. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें ते वैदिक वाङ्मयाचें काम करीत. पुढें राजनांदगांवकडे जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार ठेविला. येशूचें डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचें मन वेधलें गेलें. पुष्कळ विचार, वाद आणि मनस्ताप यांनंतर फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

यांत पत्नीची संमति नव्हती. जलालपूरच्या गोखल्यांच्या ज्या घरांत लक्ष्मीबाई वाढल्या, तेथें वडिलांचें सोंवळें इतकें विलक्षण होतें कीं, बाजारांतून आणलेलें मीठदेखील धुतल्यावांचून घरांत येत नसे. त्या घरच्या मुलीला नवरा ख्रिस्ती झाल्याची वार्ता मृत्यूच्या वार्तेसारखीच वाटावी यांत नवल काय? पदरीं लहानगा दत्तू. कपाळीं कुंकू आहे, पण संसार नाहीं, अशा अवस्थेंत त्यांनीं पंढरपुरास नातलगांच्या आधारानें दिवस कंठले. टिळकांच्या सत्यनिष्ठेचें कौतुक करतांना ही किंमत कोणीं मोजली याचा विसर पडूं नये. मनुष्याला आपली श्रद्धा लपवून ठेवतां येत नाहीं हें खरें. पण तिची झळ प्रथम ज्यांना लागते त्यांचा त्यांत कांहींच अपराध नसतो, हेंहि तितकेंच खरें.

टिळकांचा मोठेपणा दिसतो तो यापुढें. इ. स. १८६६ च्या एका कायद्यानें, धर्मांतर केलेल्या मनुष्याला, पत्नी त्याच कारणास्तव नांदण्यास नाकारील तर, कोर्टाकडे जाऊन ठरावीक मुदतीनंतर विवाहबंधन तोडून घेण्याची व पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. हा मार्ग टिळकांनीं धरला नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. अखेरीस लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, तेव्हांहि त्यांचें सोंवळें आणि त्यांची चूल निराळीच होती. टिळकांनीं ती मोडली नाहीं. ख्रिस्ती उपदेशकाच्या संसारांत ब्राह्मणी सोंवळें सुखेनैव नांदत होतें!

पुढें तें सोंवळें सुटलें, तें कोणाच्या प्रवचनानें नव्हे. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्याच मनाशीं घोळविला आणि तो माणसानें केला हें उत्तरहि त्यांचें त्यांनींच काढलें. प्रथम जातीची भावना गेली. ख्रिस्तावरील श्रद्धा मागाहून आली. इ. स. १९०० मध्यें राहुरीस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पांच वर्षें वाट पाहणें म्हणजे कांहींच न करणें नव्हे. दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला आपल्याइतकाच मान देण्याचा तो सर्वांत कठीण प्रकार होय.

नांवें तींच, भाषा तीच

त्या काळीं बाप्तिस्म्याबरोबर पोशाख, चालरीत, कधीं कधीं नांवहि विलायती होई. टिळकांना हें मुळींच मान्य नव्हतें. नारायण आणि लक्ष्मी हीं वैष्णव नांवें या ख्रिस्ती दांपत्यानें अखेरपर्यंत चालविलीं. मुलगाहि देवदत्तच राहिला. टिळकांनीं भजनें लिहिलीं तीं अभंग-ओंव्यांच्या घाटाचीं. अहमदनगरास कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा आधींच पाडला होता. टिळकांनीं तो उचलून धरला, आणि पुढें लक्ष्मीबाईहि कीर्तनास उभ्या राहूं लागल्या. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों, असें टिळक म्हणत. पूल ओलांडल्यावर तो जाळून टाकावा असें त्यांना कधीं वाटलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, अभंग आणि कीर्तन हें आमच्या भोळ्या लोकांना भुलविण्याचें आमिष असेल. ही शंका अगदींच अनाठायीं नाहीं, कारण उसनें घेतलेलें रूप आमिष ठरूं शकतें. परंतु टिळकांनीं मराठी बाणा उसना आणलेला नव्हता. मराठी ही त्यांची मायबोली आणि तुकाराम हा त्यांच्याच घरचा ठेवा. 'वनवासी फूल' लिहिणारा कवि ख्रिस्ती झाला म्हणून मराठी कवि राहिला नाहीं, असें कोण म्हणेल?

घराचें दारहि त्यांनीं असेंच उघडें ठेविलें. इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळांत राहुरीचें त्यांचें घर पोरक्या मुलांनीं भरून गेलें. पुढें अहमदनगरास त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले लाडके बालकवि, कांहीं काळ त्यांच्या घरीं मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यावर आईची माया केली. बालकवि ख्रिस्ती झाले नाहींत, आणि म्हणून त्या मायेंत तिळमात्र उणेंहि आलें नाहीं. आयुष्याच्या शेवटीं, इ. स. १९१७ मध्यें, टिळकांनीं मिशनच्या वेतनाचा आधार सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्ताला गुरु मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या मनुष्यालाहि त्यांत स्थान होतें. दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, ते मुंबईस निवर्तले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

उघडें दार आणि तुटलेला विश्वास

याच प्रश्नाची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत दिसते. इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस शारदासदन काढलें. पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. मुलींच्या धर्मांत व आचारांत ढवळाढवळ होणार नाहीं, या हमीवर रानडे, भांडारकर यांच्यासारखे पुरुष सल्लागार झाले. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली आंत जाऊन बसूं लागल्या. यावरून गहजब झाला. 'केसरी'नें झोड उठविली. १८९३ मध्यें सल्लागारांनीं राजीनामे दिले आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

अपराध कोणाचा? स्वतःच्या घरांत देवाची प्रार्थना दार लावूनच केली पाहिजे असें रमाबाईंना सांगणें कठोर होतें. ती सक्ति आपण कोणत्याहि ब्राह्मण गृहिणीवर करणार नाहीं. पण ज्या मुलीचें अन्न, वस्त्र आणि विद्या एका व्यक्तीच्या हातीं आहे, त्या मुलीला त्या व्यक्तीचें उघडें दारहि आमंत्रणासारखें वाटतें, ही पालकांची भीतिहि खोटी म्हणतां येणार नाहीं. टिळक वाट पाहत होते ती त्यांच्या अन्नावर न जगणाऱ्या पत्नीची. शारदासदनांतील मुलींना मात्र दुसरा आसरा नव्हता. जेथें समोरचा आपल्यावर अवलंबून आहे तेथें आदराची जबाबदारी दुप्पट होते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

परंतु त्या मुलींना दुसरा आसरा कां नव्हता, याचा जाब कोणी द्यावा? त्या बालविधवांना आपल्याच घरांनीं दार लावलें होतें. शारदासदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाहबद्ध होऊन आनंदीबाई झाली. ती हिंदूच राहिली. एकीचें उदाहरण सर्वांना लागू पडत नाहीं. पण त्या दारांतून आंत गेलेली प्रत्येक मुलगी धर्म सोडूनच बाहेर पडली, ही समजूत तरी त्यानें खोटी ठरते.

आपल्या माजघरांत

हे जुने प्रसंग आज आठवावयाचे, ते ही गोष्ट अजून संपली नाहीं म्हणून. संपत्तीच्या हक्काला धर्मांतरानें बाध येऊं नये ही तरतूद १८५० सालच्या कायद्यानें केली. विवेकाचें स्वातंत्र्य १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें दिलें. पण पंगतींतलें पान कायद्यानें मांडतां येत नाहीं. परधर्मांतील सून घरांत येते, मुलगा प्रार्थनामंदिरांत जाऊं लागतो, आणि गणपतीच्या दिवसांत एक लहानशी गोष्ट डोंगराएवढी होते.

प्रसादाचेंच उदाहरण घ्या. मूर्तीपुढें ठेविलेलें अन्न ख्रिस्ती मनुष्यानें खावें कीं नाहीं, हा प्रश्न पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत आला आहे, आणि त्याचा निर्णय करतांना शेजाऱ्याच्या मनाला काय वाटेल याचा विचार त्यानें पुनः पुनः केला आहे. कोणी ख्रिस्ती प्रसाद घेतो, कोणाचें मन घेत नाहीं. न घेणाऱ्यानें तोंड वेंगाडूं नये. हात जोडून, स्पष्ट शब्दांत, नाहीं म्हणावें. सासूबाईंनींहि तो नकार देवाचा वा आपला अपमान समजूं नये. आरतीला उभी न राहणारी सून त्याच दिवशीं मोदकांच्या कळ्या पाडूं लागली, तर तिनें कांहीं खोटें केलें असें होत नाहीं. तिनें आपल्या निष्ठेची मर्यादा सांगितली, आणि मर्यादेच्या अलीकडचें सर्व मनापासून दिलें.

लपवाछपवी नको, सक्ति नको, आणि उपकाराच्या ओझ्याखालीं कोणाची श्रद्धा वांकवूं नये. हे तीन नियम ख्रिस्ती मनुष्यानें पाळावे अशी अपेक्षा करण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. मात्र तेच नियम आपणांसहि लागू आहेत. भिन्न श्रद्धेच्या आप्तावर रडण्याची, अबोल्याची वा वांटणीची सक्ति करणें हेंहि धर्मप्रसाराचेंच एक रूप आहे, आणि तें कोणत्याहि मिशनऱ्याच्या प्रचारापेक्षां सौम्य नाहीं. एका ख्रिस्ती पतीनें ब्राह्मणी सोंवळ्याची चूल आपल्या घरांत नांदूं दिली. आपल्या घरांतील एका कोपऱ्यांत निराळी प्रार्थना नांदूं देण्याइतकी जागा आपल्यापाशींहि असावयास हवी.