हदयवत्थु : नाव आणि रूप

कळंबोलीच्या विहारात अभिधम्माचा अभ्यास करताना एक प्रश्न हमखास निघतो : चित्ताचे आश्रयस्थान हृदय होय, असे बुद्धवचन आहे काय?

सुत्तांत ‘हदय’ येते ते कायगतासतीत, वृक्क व यकृत यांच्यासमवेत, शरीराचा एक भाग म्हणून. धम्मसंगणीतील रूपांच्या गणनेत ‘हदयवत्थु’ नाही. मनोविञ्ञाण ज्या रूपाच्या आश्रयाने प्रवर्तते, त्याचा निर्देश पट्ठान करते. परंतु त्याचे नाव सांगत नाही. नाव व स्थान दिले ते अट्ठकथापरंपरेने. पाचव्या शतकातील बुद्धघोषाचार्यांच्या विसुद्धिमग्गात (धर्मानंद कोसंबी यांची नागरी आवृत्ती, मुंबई, १९४०) हृदयात पुन्नागाच्या, म्हणजे उंडीच्या, बीएवढी पोकळी व तीत अर्धा पसा रक्त सांगितले आहे. रागचरिताचे तांबडे, द्वेषचरिताचे काळे, प्रज्ञाचरिताचे निर्मळ.

चिनी वैद्यकातील ‘सान जिआओ’ या अवयवाला नाव आहे, आकार नाही, असे ‘नान जिंग’ हा प्राचीन ग्रंथ मानतो. तेथेही उत्तरकालीन वैद्यांनी त्याला आकार देण्याचे प्रयत्न केले.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९४ साली भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले. अशा शस्त्रक्रियेत हृदय दुसऱ्याचे येते, स्मृती मात्र रुग्णाचीच राहते. म्हणून अट्ठकथेतील वर्णन हे तत्कालीन शरीरज्ञान म्हणून वाचावे, असे आम्हांस वाटते. बुद्धवचन बुद्धीच्या कसोटीवर पारखावे, ही बाबासाहेबांची शिकवण आहे. पट्ठानाने जे अनाम ठेवले, त्याच्या नावासाठी शरीरशास्त्राशी भांडण्याचे धम्माला प्रयोजन नाही.