विश्लेषण : पंचगंगेतले मासे विषाने मरतात की गुदमरून?

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेच्या काठावर हे दृश्य आता नवीन राहिलेलं नाही. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, दुर्गंधी सुटते आणि पाण्याचे नमुने घेतले जातात. पण मासे नेमके मरतात कशामुळे? पाण्यात कुणी विष सोडलेलं असतं का?

मासे गुदमरतात म्हणजे काय?

मासे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांमधून घेतात. २० अंश सेल्सिअसला एक लिटर स्वच्छ पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात तो मुळातच कमी असतो. मत्स्यजीवनासाठी तो किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

शहरांचं सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी नदीत आलं की त्यातली घाण कुजवणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि हाच ऑक्सिजन संपवतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. म्हणजेच अनेकदा मासे विषाने नव्हे, तर श्वास कोंडून मरतात.

बंधाऱ्याजवळच का?

कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे घालून पाणी अडवतात. पाणी वाहतं असेल तर हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळत राहतो. साचलेल्या पाण्यात ते होत नाही आणि वरून आलेली घाणही तिथेच थांबते. त्यात जलपर्णी पसरली की हवा आणि पाण्याचा संपर्क आणखी कमी होतो.

मग रसायनांचा काहीच दोष नाही?

आहे, पण त्यांचा परिणाम बऱ्याचदा सावकाश होतो. सांडपाण्यातल्या अमोनियामुळे कल्ल्यांची नाजूक त्वचा सुजते. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनिया जास्त घातक. जड धातू यकृतात आणि मूत्रपिंडात साठतात. प्रतिकारशक्ती घटते, अंगावर जखमा आणि बुरशी दिसते, अंडी कमी होतात. हे मासे तरंगताना दिसत नाहीत, त्यामुळे बातमीही होत नाही. मात्र आधीच दुबळे झालेले मासे ऑक्सिजन घटला की आधी मरतात.

काही मासे जिवंत राहतात, ते कसे?

मरळ आणि मागूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. चिलापी कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतो. त्यामुळे जाळ्यात मासे मिळतात, म्हणजे नदी ठीक आहे, असं म्हणता येत नाही. कोणते मासे मिळायचे थांबले, हे मासेमारी करणाऱ्यांना विचारायला हवं.

असे मासे खावेत का?

नाही. तडफडणारे मासे धरायला काठावर गर्दी होते, पण त्यांच्या मृत्यूचं कारण तेव्हा माहीत नसतं. मासे लवकर कुजतात आणि अंगात साठलेले जड धातू शिजवल्याने जात नाहीत.

दोषी का सापडत नाही?

कारण पुरावा वाहून जातो. नमुना उशिरा घेतला तर ती घाण पुढे गेलेली असते. शिवाय शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री वापरतं, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. दुपारी केलेल्या मोजणीत तेच पाणी बरं वाटू शकतं. म्हणून नमुना लगेच, बंधाऱ्याच्या वरच्या बाजूलाही आणि शक्यतो पहाटे घ्यायला हवा. ऑक्सिजनची मोजणीही जागेवरच करायला हवी.

मासे मेल्यावर धावपळ होते, पण पाणी त्याआधी बरेच दिवस बिघडत आलेलं असतं. बंधाऱ्यांवर ऑक्सिजनची रोज नोंद झाली, तर मासे वर येण्याआधीच धोका कळेल. आणि घाण कुठून आली, याचा माग काढायला वेळही मिळेल.