बेणं राखणारा संघ

हिंगोलीत हळदीचा हिशोब कुणाला सांगायला नको. काढणी झाली म्हणून सगळा माल बाजारात जात नाही, पुढच्या लागवडीचं बेणं बाजूला काढावंच लागतं. कबड्डीचा संघही असाच बांधला जातो.

पुणेरी पलटण बघा. अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं २०२१ मध्ये नवोदित म्हणून आली, कमी पैशांत. संघानं त्यांना राखलं, खेळवलं. आता, प्रो कबड्डीत संघाच्या खर्चाला मर्यादा असते. २०२३ च्या लिलावात ती ५ कोटी होती. घडवलेली पोरं स्वस्तात हाताशी, म्हणूनच इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावता आले. मार्च २०२४ मध्ये हरियाणाला २८-२५ हरवून पलटणनं पहिलं विजेतेपद घेतलं.

पण असा काळ फार टिकत नाही. पुढच्याच लिलावात शादलू हरियाणाकडे गेला, आणि हरियाणा जिंकली. अस्लम जखमी झाला. पलटण बाद फेरीतही पोचली नाही. मग सगळं बुडालं का? नाही. २०२५ मध्ये अस्लमच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. हरला, पण पोचला.

तेव्हा लिलावाची बातमी वाचताना मोठा आकडा बघाच. पण संघानं कोणती पोरं राखली, तेही बघा.