जुनी क्रिकेट कार्डं लॅमिनेट करताय? थांबा!

काका-मामांच्या पेटीत नव्वदच्या दशकातली बिग फन बबलगमची क्रिकेट कार्डं सापडली, की आमच्या परभणीत पहिला सल्ला मिळतो: झेरॉक्सच्या दुकानात जा, लॅमिनेशन करून घे. हेतू चांगलाच, पण नुकसान कायमचं होतं.

लॅमिनेशनमध्ये गोंद वितळून कागदात मुरतो, तो नंतर निघत नाही. संग्राहक तर मूळ स्थितीचेच पैसे मोजतात. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं, कारण त्याची ग्रेड १० पैकी ९.५ होती. आपली कार्डं कोटीत जाणार नाहीत, पण नियम तोच.

मग काय करायचं?

१. जपणूक: पॉलिप्रॉपिलीनची स्लीव्ह वापरा. मऊ पीव्हीसी नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातून तेलकट पदार्थ सुटतो.

२. मांडणी: उन्हाने शाई उडते. म्हणून फ्लॅश बंद ठेवून, खिडकीजवळ, फोन कार्डाला समांतर धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. भिंतीवर प्रिंट लावा, मूळ कार्ड डब्यात ठेवा.

३. खरेदी: मॅक्रो मोडमध्ये झूम करा. चित्रात रंगीत ठिपके दिसणं नॉर्मल आहे. पण काळी अक्षरंही ठिपक्यांची दिसली, तर ती स्कॅन करून छापलेली नक्कल असू शकते.

घरात कुणी लॅमिनेशनला निघालंच असेल, तर आधी त्यांना हे वाचायला द्या!