वालाच्या गाठी मातीतच राहू द्या



ठाण्याजवळच्या दिव्यात आज चाळी नि इमारतींची दाटी झाली आहे. पण भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची ठाणे-रायगडकडची रीत अजून टिकून आहे. ती मोडू देऊ नका.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण भाताला ते थेट घेता येत नाही. वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू ते पकडून पिकाला देतात. असे जिवाणू डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ साली प्रथम वेगळे काढले. मुळे-पाला कुजवून दुसरे जिवाणू ते नत्र मातीत मोकळे करतात. पाणी तुंबलेल्या खाचरात तिसरे जिवाणू त्यातले काही पुन्हा हवेत सोडतात. असे हे रहाटगाडगे! म्हणून दरसाल भरपाई हवी.

पेरणीआधी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम वालाचे जिवाणू संवर्धन गुळाच्या थंड पाण्यातून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. फुलोऱ्यात एखादी गाठ फोडून पाहा. आत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे समजा. काढणीला मात्र वाल उपटू नका, विळ्याने कापा. पुढच्या भाताची शिदोरी त्या मुळांतच आहे.